व्हिक्टोरियन काळातलं इंग्लिश खेडं: एका पाद्र्याला हजार पौंड, दुसऱ्याला ऐंशी, हे कसं?

वाचनवेडी
एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कादंबऱ्या वाचताना एक गोष्ट कधीच नीट उलगडत नाही. गावात चर्च एक, रविवारचं प्रवचन एक, बाप्तिस्मा, लग्न, दफन हे विधीही सगळीकडे तेच. तरी एका गावचा पाद्री बग्गीतून फिरतो, घरात तीन-चार नोकर बाळगतो आणि शेजारच्या गावचा पाद्री मुलांच्या बुटांची काळजी करत बसतो. दोघांना पैसे देतं कोण? सरकार, बिशप की गावकरी? गावकरी देत असतील, तर चर्चची पायरीही न चढणाऱ्यांचं काय?

काळ साधारण १८३७ ते १९०१ धरा. गाव खेडंच हवं, लंडन-मँचेस्टर नको. पॅरिश म्हणजे नुसती चर्चची हद्द नव्हती, रस्ते, गरिबांचा खर्च, जमिनीचे नकाशे सगळं तिच्यात यायचं असं दिसतं. त्याबद्दलही लिहा. खऱ्या गावांची उदाहरणं दिलीत तर उत्तम.

तिरकस
उत्तर एका शब्दात: वशिला. बाकी जाणकार येतीलच. पुढच्या रांगेत जागा धरून ठेवतोय.

मोडीवाला
वशिला होताच, त्याकडे नंतर येऊ. आधी हिशोब.

पगार असा प्रकार नव्हता. उत्पन्न त्या जागेला चिकटलेलं असे आणि जो त्या जागेवर बसेल त्याला ते मिळे. त्याचे तीन भाग. पहिला दशांश, म्हणजे गावच्या शेती-उत्पन्नाचा दहावा हिस्सा. दुसरा ग्लीब, म्हणजे चर्चच्या जागेला जोडलेली जमीन. ती पाद्री स्वतः कसायचा किंवा खंडाने द्यायचा. तिसरा भाग लग्न-दफनाच्या फिया. ती रक्कम किरकोळच.

आता मुख्य फरक. दशांश दोन प्रकारचा: मोठा म्हणजे धान्य, गवत, लाकूड, लहान म्हणजे कोकरं, दूध, अंडी, फळं, भाजी. पाद्र्याच्या जागाही वेगवेगळ्या. ज्या गावी रेक्टर, तिथे दोन्ही दशांश त्याचे. ज्या गावी व्हिकार, तिथे त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा लहानच. मोठा दशांश पूर्वी एखाद्या मठाकडे असायचा. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात मठ मोडले तेव्हा तो जमीनदारांकडे, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांकडे किंवा कॅथीड्रलकडे गेला. म्हणजे गव्हाचा दहावा हिस्सा घेणारा लॉर्ड दीडशे मैलांवर राहतो आणि प्रवचन देणारा व्हिकार अंड्या-कोकरांवर भागवतो, असं शेकडो गावांत होतं.

तिसरा क्युरेट. हा नोकरदार. रेक्टर किंवा व्हिकार त्याला आपल्या उत्पन्नातून वर्षाला ८० ते १०० पौंड देऊन ठेवायचा. वाचनवेडी, तुमचा ऐंशीवाला तो हाच.

गुंठामंत्री
मोडीवाला काकांनी पाया घातलाच आहे, त्यावर एक मजला चढवतो. व्हिक्टोरिया गादीवर आली तोवर पेंढ्या मोजून पाद्र्याच्या कोठारात नेणं संपत आलं होतं. १८३६ च्या कायद्याने वस्तूंतला दशांश रोख आकारात बदलला. तो आकार ठरवण्याची रीत बघण्यासारखी आहे.

आधी गावाचा एकूण दशांश ठरवायचा, समजा १०० पौंड. त्याचे तीन सारखे भाग करायचे: एक गव्हाचा, एक बार्लीचा, एक ओटचा. १८३५ च्या नाताळपर्यंतच्या ७ वर्षांचा सरासरी भाव घ्यायचा. बुशेलला (बुशेल हे धान्याचं माप; १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स) गहू ७ शिलिंग आणि पाव पेनी, बार्ली ३ शिलिंग साडेअकरा पेन्स, ओट २ शिलिंग ९ पेन्स. प्रत्येक तिसऱ्या हिश्शात किती धान्य येतं ते काढायचं:

गहू ९४.९६ बुशेल
बार्ली १६८.४२ बुशेल
ओट २४२.४२ बुशेल

हे आकडे कायमचे. दर जानेवारीला मागच्या ७ वर्षांचा नवा सरासरी भाव जाहीर व्हायचा, त्याने हे बुशेल गुणायचे, जी बेरीज येईल ती त्या वर्षीची देणी. उदाहरणादाखल गहू ५ शिलिंग, बार्ली ३, ओट २ धरा. बेरीज साधारण ७३ पौंड ५ शिलिंग. म्हणजे कागदावर शंभर पौंडांची जागा आणि हातात त्र्याहत्तर.

७ वर्षांच्या सरासरीमुळे एका वाईट वर्षाचा धक्का बसत नसे. पण उतरता काळ लागला की उत्पन्न वर्षामागून वर्ष घसरत जाई आणि भाव सुधारले तरी लवकर वर येत नसे. १८७० च्या दशकाच्या मध्यात शंभराचे ११२ च्या वर मिळत होते. मग अमेरिकेचा गहू आला. १८९४ मध्ये गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे ८ बुशेलला, २२ शिलिंग १० पेन्सवर आला. वर दिलेल्या मूळ भावाने तोच क्वार्टर ५६ शिलिंग २ पेन्सचा होता. १९०१ पर्यंत शंभराचे साडेसहासष्ट उरले.

तेव्हा कादंबरीतला पाद्री गरीब दिसला तर आधी कथानकाचं साल बघा.

तिरकस
म्हणजे पाद्री रविवारी 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणायचा आणि सोमवारी भाकर महाग व्हावी म्हणून वाट बघायचा.

पाटीपेन्सिल
@तिरकस 😄 विनोद म्हणून ठीक, पण गावातले मजूर हेच म्हणत होते, आणि हसत नव्हते.

वाचनवेडींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. चर्चमध्ये न जाणाऱ्यालाही दशांश चुकत नसे. मेथडिस्ट असो, बॅप्टिस्ट असो की क्वेकर, देणं जमिनीवर होतं. थकलं तर शेतातला माल, जनावरं जप्त. १८८० च्या दशकात वेल्समध्ये याच जप्त्यांवरून मारामाऱ्या झाल्या, कारण तिथले बहुसंख्य शेतकरी चॅपलला, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघरात, जाणारे. शेवटी १८९१ च्या कायद्याने देण्याची जबाबदारी कुळावरून काढून जमीनमालकावर टाकली.

दशांशाखेरीज चर्चपट्टी वेगळी. ती इमारतीच्या देखभालीसाठी, आणि ठरवायची व्हेस्ट्री, म्हणजे पट्टी भरणाऱ्यांची सभा. हिची नोटीस तीन दिवस आधी चर्चच्या दारावर लावायची. सभा चर्चमध्ये सुरू व्हायची आणि थंडी वाजली की पुढचं कामकाज दारूच्या गुत्त्यात. मतं सगळ्यांना सारखी नव्हती: ५० पौंडांखालच्या आकारणीला एक मत, पुढे दर २५ पौंडांना एक जादा, कमाल सहा. म्हणजे चार मोठे शेतकरी मिळून चोवीस मतं, आणि चोवीस छोटे खातेदार मिळूनही तेवढीच.

चर्चपट्टीवरून एसेक्समधल्या ब्रेन्ट्रीचा खटला १८३७ पासून १८५३ पर्यंत चालला. शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की व्हेस्ट्रीचं बहुमत विरोधात असेल तर अल्पमताने बसवलेली पट्टी बेकायदा. १८६८ मध्ये तिची सक्तीच गेली.

घंटानाद
इमारतीचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट. चर्चच्या छपराची दुरुस्तीही वाटलेली होती. लोक बसतात तो भाग, नेव्ह, पॅरिशच्या खर्चाने. पूर्वेकडचा वेदीचा भाग, चॅन्सल, ज्याच्याकडे मोठा दशांश त्याच्या खर्चाने. मोठा दशांश दूरच्या लॉर्डकडे असेल तर चॅन्सल गळत राही आणि नेव्ह कोरडा. एकाच छपराला दोन रंगांचे पत्रे किंवा कौलं दिसली तर कारण बहुधा हेच.

खडूफळा
खरं गाव मागितलंय ना? सफकमधलं हिचम घ्या. वस्ती हजाराच्या आसपास. जागा रेक्टरची, म्हणजे दोन्ही दशांश, वर्षाला हजार पौंडांच्या घरात. १८३७ मध्ये ती जॉन स्टीव्हन्स हेन्सलो यांना मिळाली. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, डार्विनचे गुरू, 'बीगल' जहाजावर डार्विनचं नाव सुचवणारे तेच. १८३९ पासून कुटुंबासह तिथेच राहायला गेले आणि १८६१ मध्ये वारले तोवर रेक्टर होते.

त्यांनी गावात शाळा काढली आणि वनस्पतिशास्त्राचा ऐच्छिक वर्ग चालवला. त्यात मजुरांच्या मुली जास्त. प्रवेशाची अट अशी की 'डायकॉटिलेडन', 'मोनोकॉटिलेडन' असले शब्द बिनचूक स्पेल करता आले पाहिजेत. मग फूल हातात घेऊन सुटं करायचं, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर मोजायचे आणि कुठल्या कुळातलं ते तक्त्यात लिहायचं. आठवडाभर शेतात पाखरं हाकणाऱ्या पोरींना हे येत होतं. १८५४ मध्ये त्यांनी पावणेतीनशेहून जास्त गावकऱ्यांना सहलीला केंब्रिजला नेलं.

सफकच्या शेतकऱ्यांना त्यांनी खतांवर पत्रं लिहिली. फेलिक्स्टोच्या किनाऱ्यावरच्या फॉस्फेटयुक्त गाठी खत म्हणून वापरता येतील हेही १८४० च्या दशकात त्यांनीच दाखवलं. त्यातून पुढे पूर्व इंग्लंडात खाणकामाचा मोठा धंदा उभा राहिला.

कडूकारले
हिचमचं उदाहरण सुंदर आहे, म्हणूनच फसवं आहे. असे रेक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सरासरी खेडं बघायचं तर नॉरफोकमधलं कॅसल एकर बघा.

कायदा असा होता की १८३४ नंतर पॅरिशांचे गट, म्हणजे युनियन, करून वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेण्याचं घर, बांधलं, पण आपापल्या पॅरिशच्या गरिबांचा खर्च १८६५ पर्यंत ती ती पॅरिशच देत होती. मग ज्या गावाची सगळी जमीन एक-दोन जमीनदारांच्या हातात, त्यांनी सरळ हिशोब केला: मजुराला घरच नाही दिलं तर तो आपल्या पॅरिशचा होणार नाही, आणि म्हातारपणी आपल्या डोक्यावर बसणार नाही. नवी घरं बांधायची नाहीत, जुनी रिकामी झाली की पाडायची. ही 'बंद' गावं. मजूर तर लागायचेच. ते शेजारच्या 'खुल्या' गावात, जिथे सुतार, वाणी, बिअरवाले भाड्यासाठी खोल्या बांधत, तिथे कोंबले जायचे. एका खोलीत आख्खं कुटुंब, विहीर उकिरड्याला लागून, भाडं भरमसाट.

कॅसल एकर असं खुलं गाव. तिथून मुकादम बायका-पोरांची टोळी घेऊन चार-पाच मैल चालत बंद गावांच्या शेतांवर जायचा: तण काढणं, दगड वेचणं, टर्निप उपटणं. शेतकरी ठोक रक्कम मुकादमाला देई, म्हणून मुकादमाचा नफा लोकांना जास्तीत जास्त राबवण्यात. १८६७ च्या टोळी कायद्याने ८ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, स्त्री-पुरुषांच्या एकत्र टोळ्या बंद केल्या आणि मुकादमाला परवाना लावला.

१८६५ च्या कायद्याने खर्च पॅरिशऐवजी आख्ख्या युनियनवर टाकला, तेव्हा घरं पाडण्यातला फायदा संपला. पाडलेली घरं मात्र कुणी लगेच बांधून दिली नाहीत.

तेव्हा हजार पौंडांच्या पाद्र्याचं कौतुक करताना त्याच्या पॅरिशला मजूर कुठल्या गावातून चालत येत होते तेही विचारा.

खडूफळा
@कडूकारले, कॅसल एकरबद्दल सहमत. पण हिचमच्या गोडव्याबद्दल नाही. हेन्सलोंचं सगळ्यात मोठं भांडण आपल्याच शेतकऱ्यांशी झालं, आणि ते मजुरांना जमिनीचे तुकडे देण्यावरून. प्रत्येकी पाव एकर, भाडं ठरलेलं, कुदळ-फावड्याने कसायचं. शेतकऱ्यांनी व्हेस्ट्रीत विरोध केला, तुकडा घेणाऱ्याला काम देणार नाही अशी धमकी दिली. रेक्टर हटले नाहीत.

शेतकऱ्यांची कारणं त्यांच्या जागी ठोस होती. मजूर दिवसा आपली ताकद राखून ठेवील आणि संध्याकाळी स्वतःच्या तुकड्यात घालील. बियाणं आणि खत आमच्या कोठारातून नेईल. आणि हे ते उघड म्हणत नसत, पण घरात बटाटे असलेला मजूर हिवाळ्यात पडेल त्या मजुरीला येणार नाही.

सुगरण_नव्हे
पाव एकरात निघतं किती आणि त्याने फरक किती पडतो?

कडूकारले
मजुरीच्या जोडीने बघा. १८५०–५१ मध्ये शेतीची पाहणी करणाऱ्या जेम्स केअर्डने काढलेली आठवड्याची सरासरी: उत्तरेत ११ शिलिंग ६ पेन्स, दक्षिणेत ८ शिलिंग ५ पेन्स. उत्तरेत जास्त, कारण खाणी आणि गिरण्या मजूर ओढून घेत होत्या. सफक-नॉरफोककडे तसं काही नव्हतं. त्या साडेआठ शिलिंगांतला मोठा वाटा नुसत्या पावावर आणि पिठावर जाई.

तुकड्याचे नेहमीचे दोन भाग: अर्ध्यात बटाटे, अर्ध्यात गहू किंवा बार्ली, पुढच्या वर्षी अदलाबदल. लहान बटाटे, साली आणि बार्लीचा भरडा डुकराला. डुकराचं खत परत जमिनीत. डुक्कर हिवाळ्यात मारायचं, मांड्या आणि पोटाचे पट्टे मिठात घालायचे. यात एक कडी तुटली की सगळं बसतं. १८४५–४६ च्या करप्याने बटाटा गेला तेव्हा डुकरंही वेळेआधी विकावी लागली.

अटी बहुतेक ठिकाणी सारख्या: रविवारी काम नाही, भाडं वेळेवर, चोरी किंवा शिकारचोरीत शिक्षा झाली तर तुकडा गेला. काही पाद्र्यांनी तर चर्चला हजेरीची अटही घातली होती.

गुंठामंत्री
पाव एकर म्हणजे आपले बरोब्बर १० गुंठे. हा योगायोग नाही. इंग्लिश एकराचे ४ रूड आणि रूडाचे ४० पर्च. पर्च म्हणजे साडेसोळा फूट बाजूचा चौरस. आपला गुंठा ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे नेमके ४ पर्च. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी धरली ती एकरात ४० गुंठे चपखल बसावेत म्हणूनच. दशांशाच्या तक्त्यात क्षेत्र 'एकर-रूड-पर्च' असं तीन रकान्यांत असतं. ३–२–२० लिहिलं असेल तर ३ एकर, अधिक २० गुंठे, अधिक ५ गुंठे. झालं ३ एकर २५ गुंठे.

साल बघा. इंग्लंडात दशांश रोखीत बदलायचा कायदा १८३६ चा. त्याच वर्षी इकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची इंदापूरची जमाबंदी लागू झाली. पण इंदापुरात सारा ३० वर्षांसाठी रोखीत गोठवला, भाव चढो की पडो. इंग्लिश शेतकऱ्याचा आकार मात्र भावाबरोबर हलत होता. भाव पडले तेव्हा तिकडे पाद्र्याचं उत्पन्न घटलं, इकडे शेतकरी सावकाराच्या दारात गेला.

मोडीवाला
वा, हा मुद्दा आवडला. त्यात एवढीच भर: दशांशाला बलुत्यासारखं समजू नये, तशी तुलना बऱ्याचदा होते. बलुतेदार काम करतो म्हणून त्याला पेंढी मिळते. दशांश घेणारा गावात राहतोच असं नाही, काम तर सोडाच.

दशांशाचे नकाशे कुणाला बघायचे असतील तर: प्रत्येकाच्या तीन प्रती झाल्या, एक दशांश आयुक्तांकडे, एक बिशपच्या कचेरीत, एक गावच्या पेटीत. नकाशासोबत तक्ता. रकाने असे: मालक, कसणारा, भूखंडाचा नंबर, शेताचं नाव, पीक किंवा गवताळ, क्षेत्र, दशांशाची रक्कम. आधी नकाशात नंबर शोधायचा आणि मग तक्त्यात तो नंबर. तक्ता मालकांच्या नावाने लावलेला असल्याने नंबर क्रमाने सापडत नाहीत, तिथे नवखा माणूस हमखास अडकतो. शिवाय सगळे नकाशे सारखे भरवशाचे नाहीत. अचूक म्हणून शिक्का मारलेले साधारण सहातले एक. उरलेल्यांत जुनेच इस्टेटीचे नकाशे जोडून काम भागवलेलं आहे.

घंटानाद
गावच्या पेटीवरून: जुन्या लाकडी पेटीला तीन कुलपं. एक किल्ली पाद्र्याकडे, दोन किल्ल्या दोन चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. १८१२ च्या कायद्याने नोंदवह्या 'कोरड्या, नीट रंगवलेल्या लोखंडी पेटीत' ठेवा असा हुकूम काढला. गंमत म्हणजे लोखंडी पेटी थंडगार चर्चमध्ये ठेवली की आत दव धरायचं आणि कागद लाकडी पेटीपेक्षा लवकर कुजायचा.

तिरकस
तीन किल्ल्या, तिघांचं एकमेकांशी पटत नाही. सहकारी सोसायटीच म्हणा ना.

वाचनवेडी
काय सुंदर माहिती येतेय! यात महाराष्ट्राचा गुंठ्याखेरीज काही धागा?

पाटीपेन्सिल
आहे की. वॉन्टेज. तेव्हा बर्कशायरमध्ये होतं. बाजाराचं छोटं गाव, भोवती शेती. तिथे विल्यम जॉन बटलर १८४६ ते १८८० व्हिकार होते. १८४८ मध्ये त्यांनी सिस्टरांचा संघ काढला. त्याच संघाच्या सिस्टर पुढे पुण्यात पंचहौद मिशनला आल्या. आणि पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वॉन्टेजला याच सिस्टरांकडे. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा वॉन्टेजच्या पॅरिश चर्चमध्येच झाला.

बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या १८१३ पासून छापील. एका पानावर आठ नोंदी. रकाने: तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, विधी कुणी केला. जन्मतारखेचा रकाना नाहीच. काही पाद्री ती समासात लिहीत, बरेच लिहीत नसत. वंशावळ काढणारे बाप्तिस्म्याची तारीख जन्माची म्हणून धरतात आणि कधी कधी चार-पाच वर्षांनी चुकतात, कारण कुटुंबातली सगळी मुलं एकाच दिवशी उरकून घेतलेली असत. प्रौढाच्या बाप्तिस्म्याला हे रकाने बसतच नाहीत. तिथे बाजूला वय किंवा 'प्रौढ' असा शेरा टाकावा लागे.

सुगरण_नव्हे
बायकांबद्दल कुणीच बोलत नाहीये. शेतात वेचणी करायच्या ना त्या?

घंटानाद
हो, सुगीनंतर पडलेली कणसं वेचायला. १७८८ मध्येच कोर्टाने सांगितलं होतं की असा कायदेशीर हक्क नाही, पण रिवाज व्हिक्टोरियन काळभर चालू राहिला आणि त्याचे नियम कडक होते. शेतातल्या सगळ्या पेंढ्या गाडीवर चढेपर्यंत मधोमध एक पेंढी उभी ठेवायची. ती उभी आहे तोवर कुणी आत पाय टाकायचा नाही. ती उचलली की शेत मोकळं. सकाळी साधारण आठला आणि संध्याकाळी सहा-सातला चर्चची घंटा व्हायची. त्याआधी आणि त्यानंतर वेचायचं नाही, म्हणजे तान्ह्या मुलांच्या आयांनाही सारखी संधी.

लांब दांड्याची कणसं मुठीत जुळवून त्यांचीच जुडी बांधायची, तुटकी कमरेच्या पिशवीत. घरी आणून झोडायची, गिरणीत दळून आणायची. चांगल्या सुगीत एका बाईला मुलांसकट काही बुशेल गहू मिळे, म्हणजे हिवाळ्याच्या कित्येक आठवड्यांचं पीठ. कापणीचं यंत्र आणि घोड्याचा दाताळा आल्यावर शेतात पडून राहणंच कमी झालं.

खडूफळा
म्हणूनच शाळेच्या सुट्टीला तारीख नसायची, 'सुगीची सुट्टी' पीक पिकेल तेव्हा. मुख्याध्यापकांच्या रोजनिशीत 'वेचणी', 'बटाटे काढणं', 'पाखरं राखणं' अशी गैरहजेरीची कारणं पानोपानी सापडतात. ही हजेरी पैशांशी बांधलेली होती. १८६२ च्या नियमांनी सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित यांत निरीक्षकापुढे पास झालं तर विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स. निरीक्षक यायच्या दिवशी गोवर निघाला तर शाळेचं अनुदान बुडालं. मास्तर गोवर झालेल्या पोरांना घोंगडीत गुंडाळून आणायला लावत ते यामुळे. आणि वनस्पतिशास्त्राला त्यात एक पेनीही नव्हती.

बाराभाई
बाकी सगळं ठीक, पण पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच की. त्यावर कुणी लिहिलं नाही.

कडूकारले
ती आली १८९४ च्या कायद्याने, पहिल्या निवडणुका त्याच डिसेंबरात. म्हणजे व्हिक्टोरियन काळ जवळजवळ संपल्यावर. ३०० च्या वर वस्ती असेल तर कौन्सिल बंधनकारक, त्याखाली साधारणपणे नुसती सभा. मतदान हात वर करून, कुणी मागितलं तरच मतपेटी. विवाहित बायकांनाही मत देता येई आणि उभंही राहता येई. व्हेस्ट्रीचे चर्चखेरीजचे अधिकार तिच्याकडे आले. पण खर्चाला पौंडाच्या आकारणीवर पेन्सांत मोजण्याइतकी मर्यादा, आणि पोलीस, शाळा, गरीब-निधी तिच्याकडे नव्हतेच. ग्रामपंचायत म्हणायला माझी हरकत आहे.

मजुरांच्या हातात त्याआधी आली ती संघटना. वॉरिकशायरचा जोसेफ आर्च, प्रिमिटिव्ह मेथडिस्ट उपदेशक, ७ फेब्रुवारी १८७२ ला वेल्सबर्नला चेस्टनटच्या झाडाखाली बोलला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय शेतमजूर संघ उभा राहिला. चॅपलमध्ये उभं राहून बोलायची सवय झालेली माणसंच त्यात पुढे होती. चर्चमधला पाद्री बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या बाजूला.

वाचनवेडी
खूप कळलं. पण तिरकस यांचा 'वशिला' राहिलाच. हजार पौंडांची जागा कुणाला द्यायची हे ठरवायचं कोण?

मोडीवाला
नेमणुकीचा हक्क ही मालमत्ता होती. काही जागा राजमुकुटाच्या, हेन्सलोंची त्यातली. काही बिशपांच्या, काही कॉलेजांच्या. जवळपास निम्म्या खाजगी, म्हणजे जमीनदाराच्या. त्या विकता येत. जागा रिकामी असताना विकणं गुन्हा, म्हणून म्हातारा पाद्री जिवंत असतानाच 'पुढची नेमणूक' विकायची. वर्तमानपत्रात जाहिरात: उत्पन्न इतकं, घर असं, शिकार चांगली, काम हलकं, सध्याच्या पाद्र्याचं वय ७० च्या पुढे. वय जितकं जास्त तितकी किंमत जास्त. बाप धाकट्या मुलासाठी ती घेऊन ठेवायचा. १८९८ च्या कायद्याने पुढच्या नेमणुकीची विक्री बंद केली.

आणि जागा मिळाली तरी घर फुकट नव्हे. नवा पाद्री आला की घर, कोठारं आणि रेक्टर असेल तर चॅन्सल तपासायचं, आधीच्याने दुरुस्ती न केलेल्या प्रत्येक गोष्टीचं बिल करायचं, आणि ते आधीच्याच्या मालमत्तेतून वसूल करायचं. तो वारला असेल तर बिल त्याच्या बायकोच्या हातात. नवऱ्याचं उत्पन्न त्याच दिवशी थांबलेलं, घर रिकामं करायचं, आणि वर छपराचे पैसे.

तिरकस
म्हणजे चॅन्सलचं छप्पर गळताना बघून सगळ्यात आधी झोप उडायची ती पाद्रीणबाईंची.

घंटानाद
हो. म्हणून काही पाद्री आयुष्याचा विमा काढायचे, आणि बरेच नुसतं पुढे ढकलायचे. १८७१ च्या कायद्याने अधिकृत तपासनीस आला आणि दुरुस्ती आधीच केली तर पाच वर्षांचं अभयपत्र मिळायला लागलं.

बाराभाई
वर्कहाउसवर वेगळा धागा काढा कुणीतरी. कडूकारले, तुम्हीच काढा.

कडूकारले
काढतो. पण तिथे ओटच्या पेजेची मापं औंसांत येतील, आधीच सांगतोय.